घामाचा वास आणि घरगुती उपाय: ठाणे-नवी मुंबईत नेहमी विचारले जाणारे प्रश्न

ठाण्याहून वाशी-पनवेलकडे जाणारी सकाळची गाडी पकडणाऱ्याला हा विषय समजावून सांगावा लागत नाही. घरून स्वच्छ आंघोळ करून, कडक इस्त्रीचे कपडे घालून निघालेलं माणूस ऐरोली येईपर्यंत भिजलेलं असतं. बाजारातला डिओ काहींना सोसत नाही, काखेत आग होते. काहींचं त्या उग्र वासानेच डोकं चढतं. काहींना महिन्याला एक डबा संपवणं परवडत नाही. मी स्वतः बरीच वर्षं तुरटीवर भागवते आहे, त्यामुळे गाडीच्या डब्यातल्या मैत्रिणी, सोसायटीतली कॉलेजची मुलं, नात्यातले काका-मावश्या असे सगळे हे प्रश्न विचारत असतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

घामाला मुळात वास का येतो?

वास घामाचा नसतो, घामावर जगणाऱ्या जिवाणूंच्या कामाचा असतो. अंगभर पसरलेल्या घामाच्या ग्रंथींतून मुख्यतः पाणी आणि मीठ बाहेर येतं. शरीर गार ठेवणं हे त्यांचं काम. काखेत आणि जांघेत मात्र आणखी एका प्रकारच्या ग्रंथी असतात. त्या वयात आल्यावर कामाला लागतात आणि त्यांच्या स्रावात स्निग्ध पदार्थ व प्रथिनं असतात. तो स्रावही बाहेर येताना जवळपास बिनवासाचाच असतो. काखेत वस्तीला असलेले कोरिनेबॅक्टेरियम, स्टॅफिलोकॉकस होमिनिस यांसारखे जिवाणू त्यातले रेणू तोडतात आणि मग तो आंबूस, कांद्यासारखा वास सुटतो. कांद्याची आठवण उगीच होत नाही, त्या वासात गंधकाची संयुगं असतात.

आपल्याकडे खाडीकाठची दमट हवा. हवेतच एवढं बाष्प असतं की घाम वाळत नाही, अंगावर राहतो, आणि ओलसर उबदार जागा जिवाणूंना हवीच असते. म्हणून पुण्याला चार दिवस राहून आलेल्या माणसाला ठाण्यात उतरल्यावर आपलंच अंग वेगळं वाटतं. माणसात फरक पडलेला नसतो, हवा बदललेली असते.

घरगुती उपायाने घाम थांबेल का?

नाही, आणि हे आधीच पक्कं समजून घेतलेलं बरं. दुकानात दोन वेगळ्या वस्तू मिळतात. डिओडरंट जिवाणूंना आवर घालतो आणि वास झाकतो. अँटिपर्स्पिरंट ॲल्युमिनियमच्या क्षारांनी घामाच्या नळ्यांच्या तोंडाशी तात्पुरतं बूच बसवतो, त्यामुळे घामच कमी येतो. स्वयंपाकघरातल्या वस्तूंनी पहिलं काम बऱ्यापैकी होतं, दुसरं जवळजवळ होत नाही. तुरटीने किंचित कोरडेपणा येतो, पण मे महिन्यात दुपारी ठाणे स्टेशनच्या पुलावर शर्ट कोरडा ठेवण्याची अपेक्षा तिच्याकडून करू नका. काख ओली राहील, पण वास येणार नाही, इतकं झालं तर उपाय यशस्वी झाला.

सुरुवात कशाने करू?

तुरटीने. सगळे प्रयोग बाजूला ठेवून मी आधी हेच सांगते.

तुरटी कुठल्याही किराणा दुकानात मिळते. जांभळी नाक्याच्या बाजारात काष्ठौषधींच्या दुकानांत मोठे पारदर्शक खडेही निवडून घेता येतात. दहा-वीस रुपयांचा खडा महिनोन्महिने पुरतो. पावसाळ्यात गढूळ पाण्यात फिरवायची ती हीच तुरटी, आणि दाढी झाल्यावर न्हावी गालावर फिरवतो तीही हीच. तिच्यात दोन गुण आहेत: ती कातडी किंचित आकसवते आणि जिवाणूंची वाढ रोखते.

वापरायची रीत सोपी, पण क्रम चुकवू नका. काख साबणाने धुवा. साबणाचा बुळबुळीतपणा पूर्ण जाईपर्यंत पाणी घ्या. खड्याची गुळगुळीत बाजू पाण्याखाली धरून ओली करा आणि काखेवरून हलक्या हाताने आठ-दहा वेळा फिरवा. चोळायचं नाही, फक्त फिरवायचं. मग हात वर करून मिनिटभर थांबा. वाळताना कातडी जराशी ओढल्यासारखी वाटते आणि अगदी बारीक पांढरट थर दिसतो. म्हणजे तुरटी नीट लागली. त्यानंतरच कपडे घाला. ओल्या काखेवर लगेच ब्लाउज किंवा बनियन चढवलं तर निम्मी तुरटी कापडाला लागते आणि मग लोक म्हणतात, "आम्हाला काही उपयोग झाला नाही."

खडा फुटला तर त्याची कड काचेसारखी धारदार असते. तो तुकडा अंगाला लावू नका, पाण्यात विरघळवून टाका. शंभर मिली उकळून गार केलेल्या पाण्यात तुरटीची पूड छोटा चमचाभर घालून ढवळली की फवारा तयार. तो काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या बाटलीत भरा, कारण तुरटीचं पाणी आम्ल असतं, लोखंडाला गंज चढवतं आणि ॲल्युमिनियमच्या भांड्यालाही खातं. आठवड्याला नवीन करा.

काही घरांत तुरटीची लाही करून ठेवतात. तव्यावर तापवली की तिच्यातलं पाणी उडतं आणि ती फुगून पांढरी होते. ती पूड काखेसाठी नको. कोरडी आणि खरखरीत असते, नाजूक कातडीला ओरखडते.

तुरटीत ॲल्युमिनियमच असतं ना? मग ती "ॲल्युमिनियममुक्त" कशी?

मुक्त नाहीच. तुरटी म्हणजे पोटॅशियम ॲल्युमिनियम सल्फेट. तिच्या गुळगुळीत वड्या "ॲल्युमिनियम नाही" असं सांगून चढ्या भावाने विकल्या जातात, ते खरं नव्हे. अँटिपर्स्पिरंटमधला क्षार वेगळा असतो आणि घामाची नळी बुजवण्याचं काम तो जास्त जोरात करतो, फरक इतकाच.

डिओ आणि अँटिपर्स्पिरंटमुळे स्तनाचा कॅन्सर होतो असं व्हॉट्सॲपवर येतं. त्यासाठी घरगुती उपायांकडे वळावं का?

या भीतीपोटी वळू नका. हा निरोप वर्षानुवर्षं फिरतो आहे. २००२ मध्ये अमेरिकेत सिॲटल भागात स्तनाचा कॅन्सर झालेल्या ८१३ आणि न झालेल्या ७९३ स्त्रियांची तुलना करण्यात आली. अँटिपर्स्पिरंट, डिओ किंवा काखेतले केस काढणं यांपैकी कशाशीही संबंध आढळला नाही. कातडीतून ॲल्युमिनियम शरीरात किती जातं हेही २००१ मध्ये मोजलं गेलं. मोजणी दोनच माणसांवर झाली होती, पण आकडा फारच लहान निघाला: लावलेल्याच्या ०.०१२ टक्के. "घामातून विष बाहेर पडतं, ते अडवू नका" या म्हणण्यालाही आधार नाही. शरीरातली घाण बाहेर काढायचं काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात.

मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी, विशेषतः डायलिसिसवर असलेल्यांनी मात्र तुरटी असो वा अँटिपर्स्पिरंट, आधी आपल्या डॉक्टरांना विचारावं. त्यांच्या शरीरातून ॲल्युमिनियम नीट बाहेर पडत नाही.

हे एवढं सविस्तर लिहिण्याचं कारण आहे. भीतीमुळे बायका स्तनांच्या तपासणीऐवजी डिओ बदलण्यात समाधान मानतात. गाठ लागली, काखेत सूज आली, तर आधी तपासणी. काखेला काय लावायचं हा प्रश्न त्यानंतरचा.

खाण्याचा सोडा चालतो का? सगळीकडे तोच सांगतात.

वास मारण्यात सोडा पटाईत आहे, त्यात वाद नाही. आंबूस वासाची आम्लं तो निकामी करतो. पण आपली कातडी मुळात किंचित आम्ल असते, तिचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कलीचं माप) साधारण ५ च्या आसपास, आणि सोड्याच्या पाण्याचा ८ च्या वर. रोज सोडा लावला की कातडीचं संरक्षक आवरण बिघडतं. पहिले आठ-दहा दिवस छान जातात, मग काख लाल होते, झोंबते, काळवंडते, सालं निघतात. तक्रारी येतात त्या बहुतेक याच्याच. "अंग डिटॉक्स होतंय, पुरळ येणारच" असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. पुरळ आलं म्हणजे कातडी नको म्हणते आहे.

तरीही वापरायचाच असेल तर एक चमचा सोड्याला सहा-सात चमचे कॉर्नफ्लॉर असं मिसळून, पूर्ण कोरड्या काखेवर चिमूटभर, आणि तेही रोज नाही. बेकिंग पावडर वेगळी असते, ती घेऊ नका.

सोडा सोसत नसेल तर औषधाच्या दुकानात मिळणारं मिल्क ऑफ मॅग्नेशिया काहींना चालतं. तेही अल्कलीच आहे, पण फारसं विरघळत नाही म्हणून झोंबतं कमी. बोटावर थेंबभर घेऊन पातळ लावायचं आणि वाळू द्यायचं. बिनसाखरेचं, बिनवासाचं बघून घ्या.

लिंबू?

नको. लिंबाचा रस फार तीव्र आम्ल आहे, सामू २ च्या जवळपास. त्याहून मोठा धोका उन्हाचा: लिंबाच्या सालीतली काही द्रव्यं कातडीला लागलेली असताना ऊन पडलं तर भाजल्यासारखे फोड येतात आणि काळे डाग महिनोन्महिने राहतात. बिनबाह्यांचे कपडे घालणाऱ्या मुलींनी हे विशेष लक्षात ठेवावं. लिंबू सरबतात घाला.

व्हिनेगर?

पातळ करून, हो. पांढरं किंवा सफरचंदाचं, एक भाग व्हिनेगर आणि निदान तीन-चार भाग पाणी. कापसाने रात्री लावायचं, वाळू द्यायचं, सकाळी धुऊन टाकायचं. त्याचा स्वतःचा वास वाळल्यावर जातो. नुसतं व्हिनेगर कधीच लावू नका.

खोबरेल तेलाचं क्रीम घरी करता येईल का? इंटरनेटवरची कृती आमच्याकडे पातळच राहते.

राहणारच. त्या कृती थंड देशांतल्या आहेत. खोबरेल तेल २४ अंशांच्या आसपास वितळतं, आणि आपल्याकडे हिवाळ्यातल्या रात्री सोडल्या तर तापमान बहुतेक वेळा त्याच्या वरच. घट्टपणा हवा असेल तर मधमाशीचं मेण लागतं. वजनाने एक भाग मेण आणि चार भाग खोबरेल. उकळत्या पाण्याच्या पातेल्यात वाटी ठेवून दोन्ही वितळवा, थेट आचेवर नाही. उतरवल्यावर तेलाच्या निम्म्याने कॉर्नफ्लॉर घालून गुठळ्या मोडेपर्यंत ढवळा आणि छोट्या डबीत ओता. बोटाच्या टोकावर हरभऱ्याएवढं पुरे.

खोबरेलात सुमारे निम्मं लॉरिक आम्ल असतं आणि ते जिवाणूंना थोडंफार रोखतं, म्हणून हे क्रीम अगदीच निरुपयोगी नाही. पण खरं सांगायचं तर आपल्या हवेत मला ते पटत नाही. तेल कपड्यात मुरतं, त्याला खवट वास लागतो, आणि फिकट ब्लाउजच्या काखेत डाग पडतो तो निघत नाही. हिवाळ्यात कातडी कोरडी पडणाऱ्यांसाठी ठीक आहे.

त्यात टी ट्री किंवा लव्हेंडरचं तेल घालायचं असेल तर शंभर ग्रॅमला एक ग्रॅमच्या वर जाऊ नका. "नैसर्गिक आहे, दोन थेंब जास्त पडले तर काय होतं" असं म्हणत लोक ओततात आणि ॲलर्जी ओढवून घेतात. कापूर घालूच नका. लहान मुलाच्या पोटात थोडासा गेला तरी झटके येऊ शकतात.

उटणं, मुलतानी माती, चंदन?

उटण्याचा खरा उपयोग धुण्यात आहे. नागरमोथा, कपूरकाचरी, वाळा, आंबेहळद यांचा वास सुरेख असतो आणि हलकं घासणं होतं, त्यामुळे दिवाळीत अंग प्रसन्न वाटतं. पण ते धुतल्यावर जातं, दिवसभर पहारा देत नाही. मुलतानी माती आठवड्यातून एकदा लेप लावून धुवायला छान. काखेत कोरडी भुरभुरवली तर घामाने चिखल होतो. चंदन उगाळून लावणाऱ्यांनी आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस बघावं. खरं तर इथे सांगितलेल्या प्रत्येक वस्तूला हाच नियम.

घाईत हँड सॅनिटायझर लावला तर?

चालतो, एखाद्या वेळी. अल्कोहोलने जिवाणू मरतात, कित्येक डिओंमध्ये तेच असतं. पण कातडी कोरडी पडते, आणि नुकताच वस्तरा फिरवलेल्या काखेवर लावला तर डोळ्यांत पाणी येईल. रोजची सवय करू नका, आणि लावल्यावर वाळेपर्यंत गॅसजवळ जाऊ नका.

आंघोळ करते, तुरटी लावते, तरी अकरा वाजता वास येतोच. काय चुकतंय?

बहुधा कपडे.

एक साधी परीक्षा करा. धुतलेला, वाळलेला कुर्ता घ्या आणि काखेच्या जागी गरम इस्त्री फिरवा. वास उठला तर तो कालचा, परवाचा, गेल्या महिन्याचा वास आहे, कापडात मुरलेला. नवा घाम आणि अंगाची ऊब मिळाली की तो गाडीतही असाच उठतो आणि आपण आपल्या अंगाला दोष देतो.

पॉलिएस्टर याबाबतीत सर्वांत वाईट. बेल्जियममध्ये २०१४ साली २६ जणांना सायकलचा जोरदार व्यायाम करायला लावून त्यांचे टीशर्ट दुसऱ्या दिवशी हुंगले गेले. पॉलिएस्टरचे सुतीपेक्षा स्पष्टपणे जास्त वास मारत होते, आणि मायक्रोकॉकस जातीचे जिवाणू पॉलिएस्टरवर भरभरून वाढलेले आढळले. ऑफिसचे चकचकीत शर्ट, लेगिंगवरचे तयार कुर्ते, जिमचे टीशर्ट, मुलांचे शाळेचे गणवेश, सगळ्यांत पॉलिएस्टर असतंच. पूर्ण सुती घेणं जमत नसेल तर निदान आतलं बनियन सुती ठेवा. ब्लाउजला सुती अस्तर लावून घ्या आणि काखेत त्याच कापडाचा जादा तुकडा शिवून मागा. शिंपी खळखळ न करता देतात.

धुताना कपडा उलटा करा. काखेच्या जागी आधी अंगाचा साबण चोळून ठेवा किंवा बादलीभर पाण्यात अर्धी वाटी पांढरं व्हिनेगर घालून अर्धा तास भिजवा. इथे सोडाही खुशाल वापरा, कापडाला पुरळ येत नाही. फक्त व्हिनेगर आणि सोडा एकत्र करू नका, एकमेकांना मारून टाकतात. आणि व्हिनेगर ब्लीचसोबत तर कधीच नाही, विषारी वायू तयार होतो. सुगंधी कंडिशनर ओतून मुरलेला वास जात नाही, धाग्यावर आणखी एक थर चढतो.

जुलै-ऑगस्टची गोष्ट वेगळी. कोपरखैरणे-घणसोलीच्या छोट्या घरांत, ग्रिलच्या आत दोरीवर कपडे दोन-दोन दिवस ओले राहतात आणि कुबट होतात. त्या कुबट वासामागेही एक जिवाणू आहे, मोराक्सेला नावाचा, तो ओल्या कापडात टिकून राहतो. कपडे पंख्याखाली, एकमेकांना न चिकटवता वाळवा. शेवटची ओल इस्त्रीने काढा. मशीन थांबल्यावर कपडे आत तासन् तास ठेवू नका. पावसाळ्यात घामाचा वास समजून ज्याच्यावर उपाय केले जातात तो पुष्कळदा हाच असतो.

काखेतले केस काढावेत का?

सक्ती नाही. केस बारीक कापले तरी घाम अडकून राहत नाही आणि साबण नीट पोचतो. वस्तऱ्याने काढले तर त्या दिवशी काखेला तुरटी, व्हिनेगर, सोडा, काहीही नको. पुरुषांनाही हे तितकंच लागू आहे.

डिओ सोडल्यावर पहिले काही दिवस जास्त वास येतो. ते डिटॉक्स का?

नाही. अँटिपर्स्पिरंट बंद झाला की अडलेला घाम पूर्वीसारखा येऊ लागतो आणि दबलेले जिवाणू परत वाढतात, म्हणून फरक जाणवतो. बदल करायचा तर डिसेंबर-जानेवारीत करा. ऑक्टोबरच्या उकाड्यात किंवा नव्या नोकरीच्या पहिल्या आठवड्यात स्वतःची परीक्षा कशाला पाहायची? घरगुती उपाय आणि विकतचा डिओ यांत वैर नाही. रोज तुरटी आणि लग्नाला जाताना डिओ, असं करणारे पुष्कळ आहेत आणि त्यात गैर काहीच नाही.

खाण्याचा परिणाम होतो का?

लसूण आणि कांद्याचा काहींच्या घामाला वास लागतो. मेथीचा तर हमखास: तिच्यातलं सोटोलोन नावाचं द्रव्य घामातून आणि लघवीतून बाहेर पडतं. बाळंतिणीला मेथीचे लाडू सुरू झाले की अंगाला गोडसर वास येतो तो याचाच, घाबरू नये. पाणी जास्त प्यायल्याने वास जातो असं मात्र नाही.

मैत्रीण काहीच लावत नाही, तरी तिला वास येत नाही. असं कसं?

एबीसीसी११ नावाच्या जनुकाचा एक प्रकार असलेल्यांच्या काखेत जिवाणूंना लागणारा कच्चा माल फारच कमी तयार होतो. कोरिया, चीन, जपानमध्ये असे लोक बहुसंख्य आहेत, आपल्याकडे कमी. त्यांच्या कानातला मळही कोरडा असतो. तेव्हा तिची तुलना तुमच्याशी करू नका, आणि कुणाला वास येतो म्हणजे तो अस्वच्छ आहे असंही म्हणू नका. दिवसभर उभं राहून काम करणाऱ्याच्या, डिलिव्हरीसाठी घोडबंदर रोडवर उन्हातून फिरणाऱ्याच्या अंगाला वास येणारच.

मुलांना काय लावावं?

वयात येणाऱ्या मुलांना आधी काख धुवायला शिकवा, शाळेतून आल्यावर बनियन बदलायला लावा आणि मग तुरटी द्या. सोडा, सुगंधी तेलं नकोत. सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे चारचौघांत बोलू नका. या वयात ते फार लागतं. मुलगी आठ वर्षांची किंवा मुलगा नऊ वर्षांचा होण्याआधीच मोठ्यांसारखा घामाचा वास येऊ लागला तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

डॉक्टरांकडे कधी जायचं?

वास अचानक बदलला, रात्री झोपेत कपडे भिजतात, वजन उतरतंय, हाताला थरथर आहे: लगेच. मधुमेही माणसाच्या श्वासाला पिकलेल्या फळासारखा वास येऊन मळमळ, धाप, गुंगी आली तर थेट रुग्णालयात. काखेत गोल, लाल कडेचा खाजरा चट्टा असेल तर ते गजकर्ण असू शकतं. दुकानदाराने दिलेलं स्टेरॉइडचं मलम लावलं की ते दबतं आणि पसरतं. त्वचारोगतज्ज्ञच गाठा. काखेत वारंवार दुखऱ्या गाठी येत असतील तरीही. आणि घामच इतका येत असेल की कागद भिजतो, दिवसातून तीनदा कपडे बदलावे लागतात, तर त्यावर औषधं आहेत, बोटॉक्सची इंजेक्शनंही आहेत. तुरटी घासत वर्षं काढू नका.

दिवसभर बाहेर असताना जवळ काय ठेवू?

दोन छोटे सुती नॅपकिन, एक ओला करायला आणि एक टिपायला, शिवाय तुरटीच्या पाण्याची फवाऱ्याची बाटली. ऑफिसला पोचल्यावर प्रसाधनगृहात काख ओल्या कापडाने पुसा, कोरडी करा, फवारा मारा, वाळू द्या. न पुसता नुसता फवारा मारला तर फुकट जातो. ओला नॅपकिन मात्र प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून संध्याकाळपर्यंत तसाच ठेवू नका, धुऊन खुर्चीच्या पाठीवर पसरा.